सासूबाईंचं प्रोटीन

माझ्या सासूबाई ज्या आजाराने गेल्या त्याचं नाव आमच्या घरात अजून कुणाला धड घेता येत नाही. दोन परदेशी डॉक्टरांची आडनावं जोडून ते केलेलं आहे, आणि त्यातल्या पहिल्याच आडनावापाशी आमच्या शेलार गावाची जीभ अडते. म्हणून आमच्याकडे सरसकट 'प्रोटीनचं दुखणं' म्हणतात. "म्हातारीला प्रोटीन झालं होतं," असं कुणी सांगितलं की ऐकणारा चुकचुकतो, आणि त्या दिवशी घरी जाऊन अंडं खात नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रथिनांमुळे शरीराची वाढ होते आणि झीज भरून निघते, हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वर्षांत इतक्यांदा लिहिलंय की खडू हातात दिला तर हात आपसूक तेच लिहील. त्या प्रथिनांवर माझ्याच घरात खटला चालला आणि त्यांना हद्दपार करण्यात आलं. न्यायाधीश होते माझ्या नवऱ्याचे मामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. घरात विज्ञान शिकलेली मी एकटी, पण मला साक्षीलासुद्धा कुणी बोलावलं नाही.

आधी घर सांगते. माझं माहेर भिवंडीच्या जुन्या वस्तीतलं, कारकुना-मास्तरांचं. वडील कचेरीत, आई शाळेत आणि प्रत्येक आमटीत गूळ. अंडं मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आणि त्याच कॉलेजात नवराही पाहिला. दोन्ही गोष्टींचा माझ्या आईला सारखाच धक्का बसला. लग्न करून मी शेलारला आले ती एका आगरी घरात. एकेकाळी भात पिकवणारी माणसं, आता त्या भाताच्या खाचरांत गोदामं उभी करून भाडं पिकवत होती. शिवाय नारपोलीला लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, गाळा होता. तो आधी सासऱ्यांनी सांभाळला, त्यांच्या मागे नवऱ्याने, आणि दोघांच्याही डोक्यावर बसून मामांनी.

सासूबाईंचं माहेर खाडीकाठचं. भरतीला पाणी अंगणाला लागायचं असं त्या अभिमानाने सांगत. मासा हे त्यांच्या लेखी जेवण होतं आणि बाकी सगळं तोंडी लावणं. मी पहिल्या दिवशी पानातली भेंडीची भाजी मन लावून खाताना त्यांनी पाहिली आणि शेजारणीला सांगितलं, "मास्तरीण पाला खाते गो." तेव्हापासून मी मास्तरीण. पुढे कधीतरी मी मासे साफ करायला म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी ताट आपल्याकडे ओढून घेतलं. "ऱ्हाव दे, तुझ्याच्यानं व्हवाचा न्हाय." मी मनात म्हटलं, नको तर नको. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. भांडायला जेवढी ओळख लागते तेवढी आमच्यात नव्हती.

दोन हजार सालानंतरचं ते दशक अर्धंअधिक सरलं असेल तेव्हाची गोष्ट. एका दुपारी सासूबाईंनी कोलंबी सोलली, सालं कालवणात टाकली आणि सोललेली कोलंबी मांजरांपुढे ठेवली. सगळं घर हसलं. मांजरं तर फारच खूश होती. पंधरवडाभरात त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "ह्ये घर कोनाचं रं?" तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मग त्या होडीत उभं राहिल्यासारख्या चालायला लागल्या, भिंत धरून, पाय फाकवून. आणि मग ते दचकणं सुरू झालं. कुकरची शिट्टी झाली, भांडं पडलं, कुणी मोठ्याने हाक मारली, की त्यांचं सगळं अंग एकदम झटका बसल्यासारखं उडायचं. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात दुपारची झोप काढलेली बाई, ती आता चमचा पडला तरी उडत होती.

आमच्याकडे निदानांना तोटा नव्हता. नणंद म्हणाली बी.पी. शेजारीण म्हणाली नजर. गावातल्या एका जाणत्या माणसाने शोध लावला की आमचं नवं गोदाम देवाच्या वाटेवर बांधलंय. गोदामाच्या भाडेकरूला हे कळल्यावर त्याने ताबडतोब भाडं कमी करायची मागणी केली, तेव्हा ते निदान मागे घेण्यात आलं. मामा म्हणाले, अंगात उष्णता साचलीय, आणि उष्णतेवर उपाय म्हणून सासूबाईंना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. उष्णता काढायला गरम पाणी का, हे विचारायची सोय नव्हती. बायकांच्या कुंडात सासूबाई माझा हात घट्ट धरून बसल्या आणि पलीकडच्या कुंडात मामा त्यांना सोबत म्हणून बसले. सासूबाई होत्या तशाच परत आल्या. मामांचा गुडघा मात्र त्या दिवसापासून दुखायचा थांबला. अकलोलीच्या पाण्याच्या गुणाबद्दल मी म्हणूनच शंका घेत नाही. फक्त गुण कुणाला यावा हे त्या पाण्याला नीट सांगितलं गेलं नव्हतं.

शेवटी मुंबईचं मोठं इस्पितळ. मेंदूचे फोटो, डोक्याला तारा लावून काढलेला आलेख, पाठीच्या मणक्यातलं पाणी. सगळं झाल्यावर मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. आम्ही म्हणजे मामा, नवरा, नणंद, नणंदेचे यजमान आणि मी. खुर्च्या दोनच होत्या, त्यातल्या एका खुर्चीत मामा बसले आणि दुसऱ्या खुर्चीत मामांची पिशवी.

डॉक्टर तरुण होते आणि मनापासून समजावून सांगणाऱ्यांतले होते. म्हणाले, "आपल्या सगळ्यांच्याच मेंदूत एक प्रोटीन असतं. ते ठरलेल्या आकारात दुमडलेलं असतं. यांच्या मेंदूत ते चुकीचं दुमडलं गेलंय."

मामा म्हणाले, "सायेब, आमी लूमवाले मानसं. आमच्या भाषेत सांगा ना."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. मास्तर माणसाला नवं उदाहरण सुचलं की होतो तसा, हे मी ओळखते. ते म्हणाले, "तुमच्याकडे कापडाचे ताके घडी घालून रचतात ना? समजा एका ताक्याची घडी वाकडी बसली. आणि त्याला लागून जो ताका ठेवला, त्याचीही घडी त्याच्यासारखीच वाकडी व्हायला लागली. मग त्याच्या शेजारच्याची, मग त्याच्याही. असं करत करत सगळं गोदाम. या आजारात मेंदूत नेमकं हेच होतं."

मामांनी मान डोलावली. नवऱ्याने डोलावली. नणंदेच्या यजमानांनी तर 'वाह' म्हटलं. इतका वेळ परका असलेला तो आजार एका वाक्यात भिवंडीचा झाला. डॉक्टर पुढे म्हणाले की यावर जगात कुठेच उपाय सापडलेला नाही, की हातात महिने आहेत, वर्षं नाहीत, की बहुतेकांना हा का होतो ते कळत नाही आणि यात कुणाचा काही दोष नसतो. हे सगळं मी एकटीनेच ऐकलं. बाकीचे अजून त्या गोदामातच फिरत होते.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. लूमवर कापडात खोट यायला लागली की मालक आधी कारागिराला शिव्या घालतो. पण शिव्या हा नुसता रिवाज झाला. खरं पहिलं काम असतं ते सूत बंद करण्याचं. व्यापाऱ्याला फोन जातो की माल थांबव. लूमवर चढलेलं सूत संपू द्यायचं, यंत्र पुसून तेलपाणी करायचं आणि मग दुसरं सूत चढवायचं. हे भिवंडीत शिकवावं लागत नाही. आमच्याकडची पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात.

परतताना जीप कशेळीच्या पुलावर आली तेव्हा मामा पुढच्या सीटवरून मागे वळले. "समजला तुमाला? आत जो प्रोटीन जातो तोच वाकडा बसतो. मग आत जानारा प्रोटीनच बंद. आतला खराब माल हाय तो खपून जाईल. सूत बंद, कापड बंद."

"मामा," मी म्हटलं, "खाल्लेलं प्रोटीन पोटात तुटतं. त्याचे तुकडे तुकडे होतात. मासा खाल्ला म्हणून तो मेंदूत जाऊन बसत नाही."

"मास्तरीणबाई, तुमी कवा गाला चालवलाय?"

नाही चालवला, हे खरं होतं. नवऱ्याने खिडकीतून खाडी बघायला सुरुवात केली.

घरी पोचल्यावर प्रश्न आला की प्रोटीन असतं कशाकशात. मला विचारायला नको म्हणून मामांनी शेजारच्या घरून शाळेचं विज्ञानाचं पुस्तक मागवलं. मी जे रोज शिकवते तेच. त्यात प्रथिनयुक्त पदार्थांचं रंगीत चित्र होतं. मामांनी चष्मा लावला आणि आरोपींना ओळख परेडीत निवडावं तसं एकेका चित्रावर बोट ठेवलं. मासा, बंद. अंडं, बंद. डाळ, बंद. दूध, शेंगदाणे, मटण, बंद, बंद, बंद. चित्रात एक हसरा मुलगाही होता, हे सगळं खाऊन दंड दाखवणारा. त्याच्यावर बोट ठेवून मामा जरा थबकले, पण त्याला बंद करणं त्यांच्या हातात नव्हतं.

उरलं काय? तांदळाची पेज, दुधी आणि मामांचा विश्वास. ज्या बाईने दुधी हा प्रकार जन्मभर फक्त माझ्या ताटात पाहिला, तिच्यापुढे रोज दोन वेळा दुधी येऊ लागला.

या निर्णयाला विरोधी पक्षही मिळाला, पण तो माझा नव्हता. नणंदेचे यजमान त्या वर्षी साखळी पद्धतीने प्रोटीनची पावडर विकत होते. डबा घ्या, अजून चौघांना डबा घ्यायला लावा, त्या चौघांनी आणखी चौघांना, अशी ती योजना. प्रोटीन हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकताच त्यांना साक्षात परमेश्वराने हाक मारल्यासारखं झालं होतं. ते म्हणाले, "मामा, तुमचं बरोबर आहे. पण जुनं सूत बंद केलं तर नवं चढवावं लागेल ना? आमचं प्रोटीन सोयाचं आहे, फॉरेनच्या फॉर्म्युल्याचं. एकदम सरळ." मासळीतलं प्रोटीन वाकडं आणि डब्यातलं सरळ, अशी ही मांडणी होती. मामा पेचात पडले, कारण नवं सूत हा मुद्दा धंद्याच्या दृष्टीने बिनतोड होता. आठवडाभर घरात दोन तट पडले, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखे. शेवटी तोडगा निघाला की पावडर घरात ठेवायची, पण आधीचा वाकडा माल खपेपर्यंत द्यायची नाही. डबा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेला, लग्नाच्या अल्बमशेजारी.

तो डबा तिथे ठेवण्यात यजमानांची दृष्टी होती. आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागलेली असायची. भिवंडीत तेव्हा भारनियमनाने कहर केला होता. वीज गेली की लूम बंद, आणि लूम बंद की सगळा गाव मोकळा. मोकळा वेळ सत्कारणी लावावा म्हणून लोक आजाऱ्याच्या घरी येत. ते यायचे, सासूबाईंच्या कॉटभोवती बसायचे, "वलखला का मना?" असं विचारून त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचे, त्या नापास झाल्या की मान हलवून चहा प्यायचे. जाताना निदान एक तरी जण डबा विकत घेऊन जायचा. न जाणो, आपल्यालाही पुढे व्हायचं. सासूबाईंच्या आजारपणाने जर कुणाची झीज भरून निघाली असेल तर ती त्या साखळीची.

अशात कुणीतरी पेपरात वाचलं की विलायतेत गाईंनासुद्धा असाच रोग होतो, गाई वेड्या होतात. झालं. आमच्या गोठ्यातल्या म्हशीचं दूध गावाने बंद केलं. ती गाय नव्हती, विलायतेची तर नव्हतीच आणि पूर्ण शुद्धीवर होती. पण तिची बाजू मांडणार कोण? चार-सहा दिवस दूध नासून गेलं, मग मी ते माझ्या माहेरी धाडायला लागले. माझ्या आईने त्याची बासुंदी केली. शिकलेली म्हणून माझ्या आईचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

हे सगळं मी आज हसत सांगतेय. तेव्हा हसू येत नव्हतं. कारण सासूबाई जेवत नव्हत्या.

त्या माणसं विसरल्या होत्या, दिवस विसरल्या होत्या, स्वतःच्या दाराची कडी विसरल्या होत्या. पण जेवणाच्या वेळेला त्या मान वर करायच्या आणि विचारायच्या, "कालवन कसला हाय?" समोर पेज आली की वाटीत वाकून बघायच्या. खाली काही बुडालंय का ते शोधायच्या. मग माझ्याकडे बघायच्या. रागाने बघितलं असतं तर मला चाललं असतं, रागाची सवय होती. त्या बघायच्या ते लहान मूल बाजारातून आलेल्या पिशवीत डोकावून रिकाम्या हाताने वर बघतं तसं. सकाळी रस्त्यावरून मासेवालीची हाक आली की त्यांचं अंग झटक्याने उडायचं, आणि झटका ओसरला की मान हळूहळू दाराकडे वळायची. मासेवालीला बजावून ठेवलं होतं, या घरासमोर थांबायचं नाही. ती तोंड फिरवून जायची. सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

माझं डोकं फिरलं ते तिथे. मी शाळेतून रजा काढली आणि एकटी त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना पथ्याचं सगळं सांगितलं. पुस्तकातल्या चित्रांचंही सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "मी ताक्यांचं उदाहरण दिलं ते चुकलंच. अहो, खाण्याचा यात काही संबंध नाही. हवं ते खाऊ दे त्यांना. मऊ करून, काटा काढून, छोटा घास, बसवून भरवा, ठसका लागायला नको, एवढंच. त्यांच्याजवळ आता फार दिवस नाहीत."

संध्याकाळी मामा आले तेव्हा मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी वाद घालायच्या तयारीत होते. वाक्यं पाठ होती.

मामा शांतपणे म्हणाले, "डॉक्टरनी हात टेकलं म्हनून तो खा म्हनतो. ज्याच्याकडं विलाज न्हाय तो आनि काय बोलनार? पन मी हात टेकलं न्हाईत. आमची आय गेली तवा मी रांगत व्हतो. हिनं मना वाढवला. हिच्या जिभंसाठी मी हिला मरू देव?" मग म्हणाले, "मीपन सोडलाय. त्या दिवसापासून. तिला न्हाय तं मना न्हाय."

मला हे माहीत नव्हतं. सुक्या बोंबलाशिवाय ज्यांच्या तोंडात भाकरीचा तुकडा फिरत नसे ते मामा घरी जाऊन पेज आणि दुधी खात होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली मला तेव्हा दिसली. त्या माणसावर रागावणं माझ्यासाठी किती सोपं होतं, आणि त्याने ते एका वाक्यात अवघड करून ठेवलं. मला त्यांचा भयंकर राग आला.

पण त्यांच्या प्रेमाने सासूबाई उपाशी मरत होत्या, हे काही बदलत नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, "उद्या मी करणार." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "कालवण." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आता माणसं ओळखेनाशी झालेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली तशी मी रस्त्यावर जाऊन मासेवालीला थांबवलं. तिच्या टोपलीत निवट्या होत्या. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारे बोटभर लांबीचे मासे, डोळे डोक्यावर आलेले, जिवंतच विकतात. सासूबाईंच्या लेखी त्यांच्यापुढे पापलेट म्हणजे आजाऱ्याचं जेवण. मी भांडं पुढे केलं. मासेवालीने विचारलं, "तुमी खानार?" मी म्हटलं, "तू टाक."

कसं करायचं ते मला माहीत होतं. इतकी वर्षं एका घरात राहून बघितलेलं होतं, फक्त हात लावलेला नव्हता. बघणं आणि हात लावणं यात मोठा फरक आहे, हे पहिली निवटी माझ्या मुठीतून उडून पिठाच्या डब्यात पडली तेव्हा कळलं. दुसरी मोरीत. त्यांना राख चोळावी लागते, मग बुळबुळीतपणा जातो. राख चोळताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मी डोळे मिटून चोळत होते. मग मध्येच मी प्रयोगशाळेत बेडूक कापला होता तो आठवला, पहिल्या नंबराने पास झाले होते तेही आठवलं, आणि पदराने नाक बांधून मी ते काम तडीला नेलं. मसाला सासूबाईंचाच, बरणीतला. चिंच घातली. आणि चिंच घातल्याबरोबर माझ्या हाताने, मला न विचारता, गुळाचा खडा उचलून आत टाकला. माझ्या माहेरच्या सात पिढ्यांनी तो टाकला असणार. काढायला जाईपर्यंत विरघळला.

सासूबाईंना उशांना टेकवून बसवलं. भात मऊ कालवला, निवटीचा काटा बोटांनी चाचपून काढला, मांस कुस्करलं, छोटा घास केला. तोंडाशी नेला तशी त्यांची नाकपुडी हलली. त्यांनी तोंड उघडलं. इतके दिवस ओठ मिटून घेणाऱ्या त्या तोंडाने घास घेतला, सावकाश फिरवला, गिळला. ठसका लागला नाही.

"गोड कोनी केलाय?" त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तोंड उघडलं.

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर जे यायचं तेही आलं. दुसरा घास, तिसरा. त्या डोळे मिटून खात होत्या. अर्धी वाटी झाली असेल.

मामा रोज संध्याकाळी यायचे. त्या दिवशी सकाळीच वीज गेली, गाळा बंद पडला, आणि ते सरळ इकडे आले. अंगणातच त्यांना वास आला असणार. दारात उभे राहिले आणि ओरडले, "काय भरवतीस तिला?"

सासूबाईंचं सगळं अंग उडालं. वाटी माझ्या मांडीवर कलंडली, रस्सा साडीवर. मी एका हाताने त्यांची पाठ धरली. घास नुकताच गिळून झाला होता म्हणून वाचलो. त्या थरथरत होत्या, आणि मामा दारात तसेच उभे होते, स्वतःच्या आवाजाला घाबरलेले.

थरथर थांबली तशा सासूबाईंनी दाराकडे बघितलं. त्यांनी भावाला ओळखलं नाही, हे आम्हाला दोघांनाही दिसलं. कितीतरी दिवस त्या त्यांना ओळखत नव्हत्या. तरी त्या बघत राहिल्या. पांढऱ्या कपड्यांतला तो उतरलेला म्हातारा माणूस त्यांना काय वाटला कोण जाणे.

"भूक लागली काय रं?" त्यांनी विचारलं. "बस. निवट्या हायेत."

मामा आत आले. कॉटच्या कडेला बसले. सासूबाई हात पुढे करायचा प्रयत्न करत होत्या, हात भलतीकडेच जात होता, म्हणून मी ताट मधे धरलं. त्यांच्या बोटांनी भात चिवडला, थोडा उचलला, निम्मा सांडला. उरलेला भावाच्या तोंडापाशी नेला, तो गालाला लागला. मामांनी तो हात धरून तोंडाकडे वळवला आणि खाल्ला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लपवत नव्हते. मग स्वतःच्या हाताने त्यांनी एक निवटी उचलली, काटा काढला, बहिणीला भरवली.

"रोज कर," ते मला म्हणाले. "मी आनत जाईन." जरा वेळाने म्हणाले, "गूल नको टाकू पन."

ते हात धुवायला मागे मोरीकडे गेले. खोलीत आम्ही दोघीच उरलो. सासूबाईंनी माझ्याकडे वळून नीट बघितलं, मासळीबाजारात अनोळखी बाईकडे बघावं तसं, मोकळेपणाने.

"तू कोनची गो? हाताला चव हाय तुझ्या." मग त्या माझ्याकडे झुकल्या आणि आवाज बारीक केला. "मांगच्या दारी भांडी धून ठेव. माझी सून साळंतून येल. तिला वास सोसत न्हाय. बोलत न्हाय पोर कवाच, पन मना कलतं. तिला सांगू नको."

"न्हाय सांगत," मी म्हटलं, आणि पुढचा घास कालवला.